पंधराव्या वाढदिवसाचे मानकरी

मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकन घरांत मुलीच्या पंधराव्या वाढदिवशी होणाऱ्या सोहळ्याबद्दल, म्हणजे क्विन्सेआन्येराबद्दल, या सदराकडे काही पत्रे आली आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची सोयरीक आता अशा घरांशी होऊ लागली असल्याने हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. म्हणून या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे.

प्रश्न : मी मूळची नाशिकची असून बरीच वर्षे शिकागोत राहते. माझे यजमान इथेच वाढले, पण त्यांचे घराणे मेक्सिकोतील मिचोआकान राज्यातले आहे. आमच्या मुलीला पुढच्या वर्षी जूनमध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतील. तिचा क्विन्सेआन्येरा रीतसर व्हावा, आधी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, आणि मग हॉलमध्ये नाच-जेवण व्हावे, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे आणि मुलीलाही हौस आहे. मुलीचा बाप्तिस्मा ती तान्ही असताना झाला, पण पुढचे धर्मशिक्षण आमच्याकडून राहून गेले. मी स्वतः हिंदू आहे. खर्चाचा विषय निघाला की सासूबाई म्हणतात, ‘पाद्रिनो ठरवू, काळजी करू नकोस.’ पाद्रिनो म्हणजे एकेका बाबीचा खर्च उचलणारे मानकरी. नातेवाइकांकडून केकचे, अंगठीचे, हॉलचे पैसे घेणे मला अवघड वाटते आणि नाशिकला माझ्या आईबाबांना तर ते मुळीच पसंत नाही. सुरुवात कुठून करावी? आणि या सगळ्यात माझ्या माहेरच्या माणसांना जागा कुठे आहे?

उत्तर : सुरुवात चर्चपासून करावी आणि ती याच महिन्यात करावी. हॉल, केक, छायाचित्रकार हे सारे पैसे मोजले की मिळते. धर्मग्रामाची, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चची, तारीख तशी मिळत नाही. जून हा लग्नांचाही हंगाम असल्याने शनिवार फार आधी भरतात आणि बहुतेक धर्मग्रामांत अशा मिस्सेसाठी किमान सहा महिने ते वर्षभर आधी नाव नोंदवावे लागते. तारीख मिळाल्याखेरीज हॉलची अनामत रक्कम भरू नये. हॉल आधी घेऊन मग चर्चला तारीख जुळवायला सांगण्याचा प्रयत्न अनेक कुटुंबे करतात आणि शेवटी अनामतीवर पाणी सोडतात.

मिस्सेत नेमके काय होते हे आधी समजून घेतले, तर पुढचे निर्णय सोपे होतील. कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांत याची गणना नाही. हा उपकारस्तुतीचा आणि आशीर्वादाचा विधी आहे. अमेरिकेतील धर्मप्रांतांसाठी त्याचा अधिकृत क्रम व्हॅटिकनने २००७ मध्ये मंजूर केला. हा विधी मिस्सेच्या आत करता येतो, तसाच मिस्सेशिवायही करता येतो. त्याच्या गाभ्याशी एक साधी गोष्ट आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी जी वचने दिलेली असतात, ती मुलगी आता स्वतःच्या तोंडाने उच्चारते. मग धर्मगुरू तिला आशीर्वाद देतात, बायबल, जपमाळ, पदक या तिला मिळालेल्या वस्तू आशीर्वादित करतात आणि ती पवित्र मरियेच्या, मेक्सिकन चर्चमध्ये बहुधा ग्वादालूपेच्या मातेच्या, प्रतिमेपुढे फुलांचा गुच्छ ठेवते.

वचने स्वतः उच्चारायची असल्यामुळेच धर्मग्राम बाप्तिस्म्याचा दाखला मागतो, बहुतेक ठिकाणी प्रथम ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत आशीर्वादित भाकर पहिल्यांदा ग्रहण करणे) झालेला असावा अशी अट असते आणि काही ठिकाणी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) वर्गात नाव घातलेले असावे लागते. याशिवाय क्विन्सेआन्येरासाठी स्वतंत्र वर्ग किंवा एक दिवसाचे शिबिर असते आणि त्यातल्या काही सत्रांना आईवडिलांनीही बसायचे असते. आपल्या मुलीचे ख्रिस्तप्रसादाचे शिक्षण राहिलेले आहे. मोठ्या मुलांसाठीचे हे वर्ग बहुधा शाळेच्या वर्षाबरोबर सुरू होतात आणि कधी एक, तर कधी दोन वर्षे चालतात. तेव्हा धर्मग्रामाच्या कार्यालयात सासूबाईंना सोबत घेऊन जावे, परिस्थिती आहे तशी सांगावी आणि जूनपर्यंत काय शक्य आहे हे विचारावे. पूर्ण मिस्सा शक्य नसेल, तर मिस्सेशिवायचा आशीर्वाद मिळेल का, हेही तेथेच विचारून घ्यावे. काही धर्मग्राम ठरावीक शनिवारी अनेक मुलींची मिळून एकच मिस्सा ठेवतात. तीत कमीपणा काहीही नाही; उलट शेजारी चार-पाच जणी त्याच वयाच्या, त्याच तयारीतून आलेल्या असल्या की मुलीचा धीर वाढतो आणि चर्चच्या सजावटीचा खर्चही वाटला जातो.

मात्र कार्यालयात जाण्यापूर्वी मुलीशी एकटीशी बोला. ती वचने तिला मनापासून उच्चारायची आहेत का, हे तिला विचारायला हवे, आणि ते आजीसमोर विचारू नये, कारण आजीसमोर ती ‘हो’च म्हणेल. वर्षभराचे धर्मशिक्षण केवळ छायाचित्रांसाठी घेणे हे चर्चच्या दृष्टीने बरोबर नाही आणि मुलीच्या दृष्टीने तर नाहीच. तिचे उत्तर ‘नाही’ आले, तर घरी आजीने तिच्या कपाळावर क्रूसाची खूण करून आशीर्वाद द्यावा आणि संध्याकाळी मेजवानी करावी. मेक्सिकन घरांत आजी-आजोबांच्या त्या आशीर्वादाचे मोल फार मोठे मानतात; प्रवासाला निघणाऱ्या नातवंडालाही तो घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत.

आपण हिंदू असल्यामुळे चर्चमध्ये आपल्या जागेत काही फरक पडत नाही. मुलगी आईवडिलांसोबत वेदीपर्यंत चालत येते आणि आपण पहिल्या रांगेत बसता. ख्रिस्तप्रसाद मात्र कॅथलिकांसाठीच असतो. त्या वेळी आपण जागेवर बसून राहावे, त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. अंगावर पैठणी असावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्या दिवशी मुलीची दोन्ही घराणी एका दृष्टिक्षेपात दिसली पाहिजेत.

आता पाद्रिनोंबद्दल. आपल्या आईबाबांना खटकते आहे ते मी समजू शकते. लेकीच्या कार्याला दुसऱ्याचे पैसे घ्यायचे, म्हणजे ऐपत नसताना कार्य काढले असे आपल्याकडे बोलले जाते. मेक्सिकन घरांत ही गोष्ट निराळ्या बाजूने पाहतात. तिथे पाद्रिनो (पुरुष) आणि माद्रिना (स्त्री) हे कार्याचे मानकरी असतात. अंगठीची माद्रिना ती असते, जी मिस्सेत स्वतः उठून मुलीच्या बोटात अंगठी घालते. मुकुटाची वेगळी, पदकाची वेगळी, बायबल आणि जपमाळेची वेगळी, केकची वेगळी, वाद्यवृंदाचे वेगळे. निमंत्रणपत्रिकेवर या सगळ्यांची नावे छापली जातात. बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांना या सर्वांत वरचे स्थान असते. ज्यांनी हा मान स्वीकारला, ते मुलीच्या आईवडिलांचे ‘कोंपाद्रे’ आणि ‘कोमाद्रे’, म्हणजे जणू सह-वडील आणि सह-आई, होतात, आणि ते नाते समारंभ संपल्यावर संपत नाही. मुलीच्या शिक्षणात, आजारपणात, पुढे तिच्या लग्नात ही माणसे हक्काने उभी राहतात. पैसा हा या नात्याचा एक भाग आहे, पण मूळ हेतू असा की मुलगी वयात येताना तिच्याकडे पाहणारी मोठी माणसे फक्त आईवडील एवढीच असू नयेत. माझ्या मते सबंध सोहळ्यात याहून मोलाचे काही नाही, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली तर सर्वांत शेवटी हात लावावा तो यालाच.

तरीही पद्धत सांभाळली पाहिजे. मानाची विनंती फोनवर किंवा संदेश पाठवून करू नये. घरी जाऊन, शक्यतो मुलीला सोबत नेऊन करावी. पत्रिका छापण्यापूर्वी करावी, म्हणजे नाही म्हणायलाही माणसाला वेळ मिळतो. ज्याची ऐपत पदकापुरती आहे त्याला हॉलचे विचारू नये, आणि वस्तू ते स्वतः आणणार की रक्कम देणार हे त्यांच्यावर सोडावे. हॉल आणि संगीत यांसारख्या मोठ्या बाबी बहुधा तीन-चार पाद्रिनोंत वाटलेल्या असतात आणि बराचसा भार आईवडील स्वतःच उचलतात. आणखी एक : उद्या त्यांच्यापैकी कोणाच्या घरी कार्य निघाले आणि आपल्याला मान दिला गेला, तर तो आनंदाने घ्यायचा असतो. सासूबाई निश्चिंत आहेत त्या याच कारणाने. त्यांनी आजवर किती घरच्या मुलींना अंगठ्या आणि मुकुट घातले असतील, हे त्यांना एकदा विचारून पाहा.

आपल्या माहेरच्यांची जागाही इथेच आहे. मराठी आणि मेक्सिकन विधींची सरमिसळ करून, मध्येच औक्षण, मध्येच मंगलाष्टके, असे काही करण्यापेक्षा नाशिकच्या माणसांना पाद्रिनो करावे. धर्माशी निगडित वस्तू, म्हणजे बायबल, जपमाळ, पदक, या कॅथलिक मानकऱ्यांकडे राहू द्याव्यात. पण बांगडी, कर्णभूषणे, पादत्राणे, शेवटची बाहुली, केक यांना अशी अट नसते. आजी-आजोबांनी नातीला सोन्याची बांगडी करावी, पत्रिकेवर त्यांचे नाव छापले जावे आणि हॉलमध्ये सर्वांसमोर आजीने ती नातीच्या हातात चढवावी. आपल्या आईला यात परके वाटण्यासारखे काही उरणार नाही. त्यांना भारतातून यायचे असेल, तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच कित्येक महिने लागू शकतात. तो अर्ज चर्चच्या तारखेबरोबरच करावा.

हॉलमधील ज्या रीतींबद्दल आपण विचारले नाही, त्यांतील दोन सांगते, कारण त्यांची तयारी घरी करावी लागते. पहिली पादत्राणे बदलण्याची. नाचाच्या जागेच्या मधोमध खुर्ची ठेवतात, मुलगी सपाट चपला किंवा बूट घालून तिच्यावर बसते, एखादा लहान चुलतभाऊ साटीनच्या उशीवर उंच टाचांचे नवे बूट घेऊन येतो, आणि वडील गुडघ्यावर बसून तिच्या पायातले जुने काढून नवे चढवतात. त्यानंतर लगेच वडील-मुलीचा वॉल्ट्झ असतो. बारीक बक्कल असलेला पट्टा त्या क्षणी वडिलांच्या हाताला लागत नाही, कारण घेरदार झग्याच्या तारेच्या कड्यांखाली पाय दिसतच नाहीत. म्हणून साधा लवचीक पट्टा असलेले बूट घ्यावेत. मुलीने ते आधी घरात वापरून मोकळे करून घ्यावेत आणि नाचाच्या शेवटच्या काही तालमी त्याच बुटांत आणि झग्याच्या आतील कडीदार परकरासह कराव्यात. साध्या विजारीत पाठ झालेली पावले त्या घेरात चुकतात.

दुसरी रीत शेवटच्या बाहुलीची. मुलीच्या झग्याच्याच कापडाचे कपडे घातलेली बाहुली तिला दिली जाते आणि ती बालपणाची अखेरची बाहुली म्हणून धाकट्या बहिणीच्या किंवा नात्यातल्या लहान मुलीच्या हाती सोपवते. नाशिकहून एखादी मामेबहीण येणार असेल, तर बाहुली तिच्याकडे जावी. झगा शिवताना थोडे कापड राखून ठेवायला शिंपिणीला आधीच सांगावे लागते. तयार झगा घेणार असाल, तर शिकागोच्या सव्विसाव्या रस्त्यावर, लिटल व्हिलेज वस्तीत, या पोशाखांची दुकाने ओळीने आहेत. तिथे बाहुलीची सोयही होते. माप देऊन मागवलेला झगा हाती यायला काही महिने लागू शकतात आणि नंतरच्या दुरुस्तीसाठी आणखी काही आठवडे धरावेत, कारण या वयात मुली भराभर वाढतात.

मुलीसोबत नाचणाऱ्या मुलामुलींच्या जोड्या, म्हणजे ‘दामा’ (मुली) आणि ‘चाम्बेलान’ (मुलगे), परंपरेने चौदा असतात आणि पंधरावी जोडी तिची. अठ्ठावीस शाळकरी मुलांना कित्येक शनिवार-रविवार तालमीला जमवणे हे मोठे काम आहे. आजकाल चार-सहा जोड्यांवर भागवतात आणि ते मला योग्य वाटते. निवड करताना शाळेतल्या मैत्रिणींबरोबर नात्यातल्या मुलांनाही घ्यावे, कारण मैत्री तुटली तरी बहीणभाऊ तालीम सोडून जात नाहीत. वॉल्ट्झनंतर ‘आश्चर्याचा नाच’ असतो. तिथे मुलीने काय करावे यावर कोणाचे बंधन नसते. नऊवारी नेसून नाचायची तिला हौस असेल, तर सोहळ्यात त्यासाठी हीच जागा आहे.

जेवणाबद्दल एकच सूचना. माहेरची मंडळी शाकाहारी असतील, तर केटररला ‘मांस नको’ एवढे सांगून पुरत नाही. मेक्सिकन भात अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात, आणि राजमासारख्या घोटलेल्या घेवड्यात व तमाले या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात डुकराची चरबी घालतात. या तिन्ही पदार्थांसाठी तेल आणि पाणी वापरायला लेखी सांगावे.

खर्च काही हजार डॉलरपासून सुरू होतो आणि वर त्याला मर्यादा नाही. कर्ज मात्र काढू नये. मारियाचींचे, म्हणजे पारंपरिक मेक्सिकन वादक-गायकांचे, मानधन तासावर असते, त्यांना पूर्ण संध्याकाळ ठेवण्याऐवजी चर्चबाहेर किंवा हॉलच्या प्रवेशाच्या वेळी एक तास बोलवावे. लांब मोटार (लिमोझिन) सरळ वगळावी. निमंत्रणे समाजमाध्यमांवर खुली ठेवू नयेत. डिसेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी राज्यातील एका खेड्यातल्या वडिलांनी मुलीच्या पंधराव्याचे ‘सर्वांना’ निमंत्रण देणारी चित्रफीत प्रसारित केली. ती देशभर पसरली आणि हजारो अनोळखी माणसे त्या खेड्यात लोटली.

प्रश्न : मी पुण्यात स्पॅनिश शिकते. हा सोहळा स्पॅनिश बोलणाऱ्या सर्व देशांत सारखाच असतो का? आणि तो ॲझ्टेक काळापासून चालत आला आहे, हे खरे का?

उत्तर : सारखा नसतो. खुद्द स्पेनची ही परंपरा नव्हे. तिथे तो दिसतो तो मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांत. अर्जेंटिनात मेजवानी, वॉल्ट्झ आणि पंधरा मेणबत्त्यांचा विधी यांवर भर असतो : मुलगी आयुष्यातल्या पंधरा माणसांना एकेक मेणबत्ती देते आणि प्रत्येकाविषयी दोन शब्द बोलते. क्यूबामध्ये निरनिराळे पोशाख करून काढलेल्या छायाचित्रांना फार महत्त्व असते. पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलमध्येही पंधराव्याचा नाचसोहळा होतो.

ॲझ्टेक उगमाची गोष्ट सावधपणे सांगावी. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी नाउआ लोकांकडून (ॲझ्टेक त्यांच्यापैकीच) माहिती गोळा करून जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात वयात आलेल्या मुलीला आईवडिलांनी करायच्या उपदेशाची सुंदर भाषणे आहेत. मुलीच्या वयात येण्याची दखल तेथे घेतली जात होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. परंतु त्या उपदेशापासून आजच्या सोहळ्यापर्यंत अखंड धागा दाखवणारा पुरावा नाही. वॉल्ट्झ, घेरदार झगा, मानाच्या जोड्या हा भाग युरोपीय दरबारी नाचांचा आहे, आणि मेक्सिकोत तो एकोणिसाव्या शतकात, युरोपातून आलेल्या सम्राट माक्सिमिलियानच्या अल्पकालीन साम्राज्यात आणि नंतर राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीत, उच्चभ्रू घरांत रुजला. सामान्य घरांत तो पसरला विसाव्या शतकात. यामुळे सोहळ्याचे मोल कमी होत नाही. आपल्याकडचे कितीतरी विधीही त्यांच्याविषयी सांगितले जाते त्यापेक्षा तरुण आहेत.

प्रश्न : मी सांगलीची, वयाने सत्तरीच्या पुढची आहे. आमच्या लहानपणी मुलीला न्हाण आले की मखरात बसवत. हा सोहळा तसलाच ना? मग एकविसाव्या शतकात त्याचे कौतुक कशाला करायचे?

उत्तर : आपला प्रश्न परखड आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. पंधराव्या वर्षी मुलीला समाजापुढे आणायचे यामागे एके काळी ‘ही आता लग्नाची झाली’ असे जाहीर करण्याचाच हेतू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दोहोंत फरक मात्र मोठा आहे. न्हाणाचा विधी मुलीच्या शरीरात घडलेल्या घटनेला बांधलेला होता. तिची खाजगी गोष्ट गावभर होई, आणि त्या वेळी तिचे काय मत आहे हे कोणी विचारत नसे. बालविवाहाच्या काळात मुलीचे लग्न आधीच झालेले असे. न्हाण आल्यावर गर्भाधान करून तिला सासरी धाडायचे असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जो वाद पेटला, तो याच विधीवरून. त्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले, आणि तेवढ्यालाही कडाडून विरोध झाला. क्विन्सेआन्येरा वयाला बांधलेला आहे, शरीराला नव्हे. सर्वांसाठी तारीख एकच, त्यामुळे कोणाचे काही उघडे पडत नाही.

आणि त्याचा लग्नाशी असलेला संबंध आता बराच सुटला आहे. मेक्सिकोत २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालील विवाहाला संघीय दिवाणी संहितेत कोणताही अपवाद उरलेला नाही. मुलीही या सोहळ्याला स्वतःचा अर्थ देत आहेत. जुलै २०१७ मध्ये टेक्सास राज्यात स्थलांतरितांविरुद्धच्या एका कायद्याचा निषेध करण्यासाठी पंधरा मुली क्विन्सेआन्येराचे रंगीत घेरदार झगे घालून ऑस्टिनच्या विधानभवनापुढे जमल्या होत्या. ज्या पोशाखात पूर्वी मुलीला दाखवले जाई, त्याच पोशाखात त्या बोलायला उभ्या राहिल्या. कौतुक करायचे ते याचे. ज्या घरात मुलीला न विचारता सोहळा काढतात, पंधराव्यानंतर तिच्यावर बंधने वाढवतात आणि तिच्या भावावर नाही, त्या घरातल्या सोहळ्याचे कौतुक मीही करणार नाही.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. मुलीच्या वर्गातल्या मेक्सिकन मैत्रिणीने तिला ‘दामा’ म्हणून बोलावले आहे आणि आम्हा दोघांनाही निमंत्रण आहे. दामाला काय करावे लागते? खर्च कोणी करायचा? आम्ही आहेर काय द्यावा आणि किती वाजता जावे?

उत्तर : हा मान आहे, तो स्वीकारताना मुलीने पूर्ण वेळापत्रक विचारून घ्यावे. तालमी बहुधा दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होतात, आणि ऐन वेळी एक जोडी गळली की नाचाची सगळी रचना बदलावी लागते. शाळेच्या परीक्षा किंवा भारतवारी मध्ये येत असेल, तर आजच स्पष्ट सांगितलेले बरे. नंतर माघार घेतलेली फार लागते.

दामांचे झगे एकसारखे असतात. काही घरी यजमान कापड किंवा पूर्ण पोशाख देतात, काही घरी प्रत्येक मुलीचे आईवडील तो खर्च करतात, त्यामुळे मैत्रिणीच्या आईला आपण होऊन विचारावे. विचारण्यात अवघडलेपणा वाटू देऊ नये. ती स्वतः विषय काढायला संकोचत असण्याची शक्यता अधिक. मुलीच्या नाचातल्या जोडीदाराची आपल्याला काळजी वाटत असेल, तर तालमीला एकदा जाऊन बसावे. तिथे इतर आयाही बसलेल्या असतात आणि आपले स्वागतच होईल.

मिस्सेला अवश्य जावे, थेट हॉलवर जाऊ नये. मिस्सा वेळेवर सुरू होते. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत. ‘क्विन्सेआन्येरा’ मुलीच्या झग्याचा रंग आधी विचारून तो सोडून कोणताही रंग नेसावा. मुकुटासारखे काही डोक्यावर असू नये, मोगऱ्याचा गजरा चालेल. हॉलमधला कार्यक्रम मात्र पत्रिकेतल्या वेळेपेक्षा उशिरा सुरू होतो आणि मध्यरात्रीपर्यंत चालतो. शुभेच्छांच्या पेल्यात मुलांसाठी फळांचा फसफसता रस असतो. अमेरिकेत मद्यपानाचे कायदेशीर वय एकवीस आहे आणि मुलांच्या टेबलांवर यजमानांचे लक्ष असते, तरी आपल्या मुलीला ते एकदा सांगून ठेवावे.

आहेर म्हणून पाकिटात रोख रक्कम देणे रूढ आहे. बहुतेक हॉलमध्ये त्यासाठी सजवलेली पेटी ठेवलेली असते. पाकिटावर आपले नाव लिहावे. वस्तू द्यायची असेल, तर चांदीचा किंवा सोन्याचा छोटा दागिना चालतो. मुकुट, पदक, अंगठी, बायबल या वस्तू मात्र देऊ नयेत, त्या देण्याचा मान ठरलेल्या पाद्रिनोंचा असतो. आणि जेवण झाल्यावर सर्व पाहुण्यांसाठी नाच सुरू होईल, तेव्हा आपण दोघांनीही उठावे. नाच येत नसला तरी चालेल. मुलीची आजी स्वतः हात धरून ओढायला आली, तर तिला नाही म्हणू नये.